तीन मिनिटांचा उपदेश

खडकी, पुणे
९ मार्च २०२५

चि. शेफाली,

प्रभूमध्ये सलाम आणि आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. आईचे गुडघे कुरकुरतात, पण चर्चला ती अजून चालतच जाते. रिक्षा केली तर गुडघे लाडावतील म्हणते. लेंटचे उपवास सुरू झाल्यामुळे घरात मटण बंद आहे. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर मी हवापाण्याच्या पुढे जात नाही, हे तू घर सोडल्यापासून आपल्या दोघांच्याही लक्षात आलंय.

तू मेसेजमध्ये लिहिलंस, "टीव्हीवर दाखवले ते आपलेच रणभिसे पाळक ना? त्यांना माझा सलाम सांगा." मी सांगितला नाही.

तू ती बातमी पाहिलीच आहेस. "धर्मगुरू की धर्मबुडवा?" आणि मागे भुताच्या सिनेमातलं संगीत. नाताळात मुलांनी पाळकांच्या डोक्यावर लाल टोपी घातली होती, नेमका तोच फोटो चार दिवस फिरवला. चर्चेला बसलेले चौघे त्यांना कॅथलिकांसारखं फादर म्हणत होते. ज्यांना पाळक आणि फादर यांतला फरक कळत नाही, ते आमचा धर्म वाचवायला निघालेले! चॅनेलनं वाक्य तोडून दाखवलं असं चर्चची सगळी मंडळी म्हणते. मीही म्हणतो.

पण वाक्य चॅनेलनं तोडलं नव्हतं. चर्चला येऊ न शकणाऱ्यांसाठी आमचा मोबाइलवर आजाऱ्यांचा ग्रुप आहे. दर रविवारी उपदेश कापून तीन मिनिटांचा करायचा आणि तिथे टाकायचा, हे काम माझं. ग्रुपमधल्या सुंदराबाईंच्या फोनमध्ये त्याहून मोठं काही उतरत नाही. त्या रविवारी पाळक जे बोलले ते असं होतं: "एका बापानं मला विचारलं, माझी मुलगी तिच्या मैत्रिणीबरोबर संसार करते, मी तिच्या घरी जेवायला जाऊ का? मी म्हणालो, जा, पोटभर जेव. त्या घरात मला पाप दिसत नाही. मी चुकत असेन तर मंडळीनं माझ्यासाठी प्रार्थना करावी."

मी त्यातला बाप कापला. शेवटची प्रार्थनाही कापली. उरलं ते, "मैत्रिणीबरोबर संसार करते. त्या घरात मला पाप दिसत नाही." कोणीतरी ते चॅनेलला पाठवलं.

तो बाप कोण, हे तुला एव्हाना कळलं असेल. चर्चमध्ये ऐकलेलं लोक विसरतात, पण मोबाइलवर पुन्हा पुन्हा ऐकून मंडळीनं मला ओळखलं असतं, या भीतीनं मी कात्री लावली.

मागच्या आठवड्यात चौकशीला वरून तिघे आले. पूर्ण रेकॉर्डिंग मागितलं. मी म्हणालो, मोबाइलमधून उडालं. मग पाळकांना विचारलं, तो बाप कोण? ते म्हणाले, "ते माझ्याशी विश्वासानं बोलले. नाव सांगणार नाही." माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. तिघांनी निष्कर्ष काढला, की असा बापच नाही. स्वतःचं मत खपवायला पाळकांनी गोष्ट रचली. मी चर्चच्या पंचकमिटीचा सेक्रेटरी. "अशा कोणत्याही पित्याचे अस्तित्व सिद्ध झाले नाही" हे वाक्य इतिवृत्तात मी माझ्या हातानं लिहिलं. अक्षरही चांगलं आलं.

पाळकांना सेवेतून काढलं. काल त्यांचं सामान टेम्पोत भरलं. श्रीरामपूरला भावाकडे चाललेत. फ्रिजची एक बाजू मी धरली होती. दोर आवळताना त्यांनी हळूच विचारलं, "काय हो, मुलीकडे जेवून आलात की नाही?"

मी म्हणालो, "आलो ना."

"काय केलं होतं पोरींनी?"

"भरलं वांगं."

त्यांचा चेहरा असा उजळला, शेफाली, की मला तिथेच रडू फुटायचं बाकी होतं. "मग मला कसलंच वाईट वाटत नाही," म्हणाले आणि ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले. अठ्ठावीस वर्षांची सेवा, आणि निरोपाला आम्ही पाच माणसं.

रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. ते उद्या कमिटीपुढे ठेवीन असं लिहिणार होतो, पण खोटं पुष्कळ बोलून झालं. मला अजून धीर होत नाही. सोबत पेनड्राइव्ह पाठवतोय. तुला वाटेल त्याला दे, मी अडवणार नाही. हाही पळपुटेपणाच, मला कळतं. तू तो कचऱ्यात टाकलास तरी मला बोलायला तोंड नाही.

तुझ्या मैत्रिणीचं नाव या पत्रात लिहायचं की नाही, यावर सकाळपासून अडलो होतो. चि. अपूर्वालाही आशीर्वाद.

तुमच्या घरी अजून न जेवलेला,
बाबा