दोन टेंगळांची अबार्थ आणि मागचं झाकण

मी, संग्राम बाबूराव चौगुले, वय सव्वीस, शिक्षण नववी नापास, मूळ कोल्हापूर, सध्या नोव्हाय, मिशिगन, हे मृत्युपत्र स्वखुशीनं लिहितो. प्यालेलो नाही, डोकं ठिकाणावर आहे. जळतोय, ते वेगळं. मालकाचा मुलगा ऋषी गाडी चालवतो, त्याचं मनगट मोडलं म्हणून उद्याच्या रेसला गाडी मी चालवणार. फॉर्मवर "मेल्यास जबाबदारी स्वतःची" असं आहे, म्हणून हा कागद.

१. गाडी माझी नाही. १९५९ ची छोटी इटालियन अबार्थ, छताला दोन टेंगळं. मालक मोरेश्वरकाका, त्यांनीच मला गॅरेजातून उचलून इथं आणलं. इंजिन चारदा उतरवलं मी. तीन कप जिंकले त्यांच्या मुलानं, ऋषीनं. पेपरातल्या फोटोत इंजिनाचं कौतुक करत पुढचं झाकण थोपटतोय. अरे, पुढं स्टेपनी असते! इंजिन मागं! सांगितलं तर म्हणतो, "चिल, संग्रामभाऊ, नोबडी नोज." मी कोण मग?

२. पाने, जॅक, सगळी हत्यारं धाकट्या भावाला, प्रल्हादला.

३. तो फोटोवाला पेपर हत्यारांच्या पेटीत तळाला आहे. जाळावा.

४. कार्बोरेटरचं सेटिंग. कानाला रबरी नळी लावून मी स्क्रू फिरवतो, आवाज घट्ट झाला की थांबतो. थंडीत किती आटे, उन्हात किती, सगळं निळ्या वहीत. वही कुणाला द्यायची नाही. ऋषीला तर नाहीच. खोकू दे गाडी.

ऋषीची आई, दीपाकाकू, म्हणाल्या, "ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार करू नकोस, लफडं होतं." म्हणून मुद्दाम ऋषीचंच नाव खाली घातलं, म्हणजे त्याला काही मिळायचा प्रश्नच नाही. त्याला मराठी वाचता येत नाही. विचारत होता, "ॲम आय इन इट?" म्हटलं, "आहेस की."

५. दुपारी ट्रायल मारली. तिसऱ्या वळणावर गाडी अशी सुटली, की पुढच्या दोन मोठ्या गाड्या मागं. मी गेल्यावर हिनं शेवटचा नंबर काढलेला मला वरून बघवणार नाही. म्हणून कलम चारमधला वहीचा हुकूम रद्द. वही ऋषीला, दीपाकाकू वाचून दाखवतील. अट एकच: पुढच्या फोटोत मागचं झाकण उघडं पाहिजे.

उद्या वाचलो, तर वही माझी.

साक्षीदार:
१. ऋषी करंदीकर (हे नाव मी खोडलं. सं. चौ.)
२. दीपा करंदीकर
३. मोरेश्वर करंदीकर

सही: संग्राम चौगुले
नोव्हाय, शनिवार, १४ जून २०२५