मुकाट बसलेला मॅनिफोल्ड

दि. ६ मार्च

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर बोलावं तर आमची लेक भिंगरी कान टवकारून शेजारीच बसलेली असते. वॉर्डातली ड्यूटी संपवून पाय ओढत घरी यावं, तर जेवायच्या टेबलावर इंजिनाची दोन हेडं मांडलेली आणि ही त्यांना ब्रशने आंघोळ घालतेय! आता ती हेडं तुझ्या वर्कशॉपात येतील. गाडी आणखी पळावी म्हणून तिला ती तिरकी कापून हवीत. गेल्या शर्यतीत गाडी उलटली, खांदा मोडला, अजून तिचे केस मी विंचरते. ती विसरली असेल, मी नाही विसरले.

माझं एवढं ऐक. वरवर घासून चकचकीत कर आणि कापली म्हणून सांग. तिला काय कळतंय! शर्यतीच्या दिवशी वॉर्डात येणाऱ्या प्रत्येक स्ट्रेचरकडे बघून बघून मी थकले रे.

गुडघा शेकत जा. आशीर्वाद आहेतच, या वेळी तू माझ्या बाजूने राहा.

तुझी ताई

दि. १४ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

हेडं पोचली, तुझा हुकूमही पोचला. तिरकं कापणं म्हणजे काय ते एकदा ऐकून घे. हेड म्हणजे इंजिनाचं झाकण, आणि दोन हेडांच्या मध्ये हवा-पेट्रोल आत नेणारा मॅनिफोल्ड बसतो. हेडाच्या एका कडेखाली पातळ पाचर द्यायची आणि मशीनवर एकीकडून जास्त, दुसरीकडून नावाला धातू उतरवायचा. आत पेट्रोल पेटतं ती पोकळी लहान होते, दाब वाढतो, ताकद वाढते. त्याने गाडी उलटत नाही. मागच्या वेळी उलटली ती टायर फुटून. पण तुला सांगून उपयोग काय? लहानपणापासून तू म्हणशील ती पूर्व दिशा.

केलं तुझ्या मनासारखं. पाचर न देता सपाट हात फिरवला. आरशासारखी दिसतायत. जन्म या मशीनपुढे गेला, पण न केलेल्या कामावर खडूने 'झालं' असं पहिल्यांदाच लिहिलं. 

कंबर म्हणते पुरे, गिऱ्हाइकं म्हणतात अजून एकच. चाललंय. रागाव हवं तर, पण लिहीत राहा.

तुझा धाकटा

दि. २ एप्रिल

ती. मामास भिंगरीचा सा. न.

फोन केला असता तर रडले असते, म्हणून लिहितेय. हेडं चढवली आणि दोन्हींच्या मध्ये मॅनिफोल्ड ठेवला. तो मुकाट बसला. बोल्ट नुसत्या बोटांनी आत गेले. आई टॉर्च धरून उभी होती, तिला केवढा आनंद झाला. मामा, हेडं तिरकी कापली की मॅनिफोल्डची भोकं जुळत नाहीत, कानशीने मोठी करावी लागतात, हे तूच शिकवलंस ना मला? मी कानस घेऊनच बसले होते. तरी म्हटलं, मामाने काहीतरी नवी युक्ती लढवली असेल, मामा काम चुकवणार नाही. डोळ्यांना दिसत होतं, तरी तुझ्यावर विश्वास ठेवला.

काल सरावात सरळ रस्त्यावर सगळे माझ्या पुढे गेले. ते वळणावर भरून काढायला म्हणून मी ब्रेक उशिरा दाबला. गाडीचं दार कठड्याला घासत गेलं. मला काही झालं नाही. आईला सांगू नकोस, ती आधीच काळजीने अर्धी झालीय. हेडं परत पाठवतेय. तुझ्याकडून होत नसेल तर तसं सांग, मी हमरस्त्यावरच्या कारखान्यात टाकते. ते काही विचारत नाहीत, नुसतं कापतात.

माया असू दे, खोटं नको.

भिंगरी

दि. ९ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

तिचं पत्र सोबत ठेवलंय. सांगू नकोस म्हणाली होती, पण एकमेकांपासून लपवून आपण कुठे येऊन पोचलो बघ. आधी बस, मग वाच.

ताई, ती मागे राहून गप्प बसणारी पोर नाही. आपण गाडीची ताकद काढून घेतली, ती भरून काढायला तिने जीव पणाला लावला. हेडं आज मशीनवर आहेत, पाचर दिलीय. मी कापतोय. तुला विचारत नाहीये, कळवतोय. तिला लिहिलं की चूक माझी. तुझं नाव घेतलं नाही, ते तुझं तू बघ.

फार थकलो गं. तरी तुझ्यावरचा लोभ तेवढाच.

धाकटा

दि. २३ एप्रिल

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझ्याशी मनातल्या मनात कडाकडा भांडले. मग भांडी घासता घासता तिला सांगून टाकलं, की मामाला मीच भरीस घातलं. वाटलं, आदळआपट करेल. तिने माझ्या हातातला ओला कप घेतला, पुसून ठेवला आणि निजायला गेली. ते फार लागलं मला.

काल हेडं आली. पुन्हा टॉर्च धरायला मला बोलावलं. मॅनिफोल्ड ठेवला, आणि मेला बसेचना! भोकं जुळेनात. ती माझ्याकडे बघून हसली, कितीतरी दिवसांनी. मग कानस माझ्याच हातात दिली आणि म्हणाली की आता हे तू कर. कुठे, किती, ते शेजारी बसून दाखवत होती. तुला शिव्या घालत घालत मी सगळी भोकं मोठी केली. हाताला फोड आलेत.

भीती तसूभरही कमी झालेली नाही, उगाच खोटं कशाला लिहू? पण रविवारी शर्यत आहे आणि मी ड्यूटी बदलून घेतलीय. या वेळी वॉर्डात वाट बघत बसणार नाही, कठड्यापाशी उभी राहणार आहे.

तू ये. गुडघा घेऊन ये, कंबर घेऊन ये, पण ये. मला एकटीला बघवणार नाही.

तुझी ताई