आईच्या कपाळावरचं कुंकू

ती. आकाराममामा, मुक्काम जोतिबाचा डोंगर,

शिकून वाया गेलेल्या भाचीचा, क्रांतीचा दंडवत. मामींचे गुडघे काय म्हणतात? दुकानात गुलाल-खोबरं खपतंय न्हवं? आम्ही कोल्हापुरात सुखरूप आहोत असं लिहिणार होते, पण तुमच्याशी खोटं कशाला बोलू? फोन केला नाही, कारण आई हल्ली दाराआडून सगळं ऐकते.

माझं काम तुम्हाला ठाऊक हाय. (गिऱ्हाइकांना "भाची साबण करती" म्हणून सांगता, ते आधी बंद करा.) कापड रंगवणाऱ्या कारखान्यांचं रंगीत पाणी नदीला मिळतं, त्यातला रंग मोडून टाकणारी पावडर मी करते. आधीच्या पावडरींना खास दिवा लागायचा, माझी साध्या उजेडावर चालते. लाल पाण्यात टाकून उन्हात ठेवलं की दुपारपर्यंत पाणी नितळ.

गच्चीवर करून बघावं म्हणून मागं एक पुडी घरी आणली आणि देव्हाऱ्याजवळ ठेवली. तिथून काय इपरीत सुरू झालं बघा. आई अंगणात तांदूळ निवडत होती. शेजारच्या सलिमाचाची आल्या आणि म्हणाल्या, "भाभी, आज कुंकू न्हाय लावलं व्हय?" आईनं कपाळाला हात लावला. पुसलं नव्हतं मामा, ओघळलं नव्हतं, नव्हतंच. तिनं परत लावलं, उन्हात आली, परत गेलं. पुढच्या खेपेला मी समोर बसून बघितलं. लाल, मग गुलाबी, मग नुसती कातडी. आई आत गेली आणि बाबांच्या टेम्पोची चावी तांदळाच्या डब्यात पुरली. (बाबांनी सगळे तांदूळ फरशीवर ओतले आणि मग दोघं मिळून माझ्यावर ओरडले. मी काय केलतं?)

तिकडं प्रयोगशाळेत वेगळाच तमाशा. माझं लाल पाणी दिवसभर उन्हात ठेवून लालच! विश्वजित सर, म्हणजे माझे मार्गदर्शक, खेकसले, "घरनं राख आणलीस काय?" आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. तुम्ही पाठवलेल्या अंगाऱ्याची पुडीपण देव्हाऱ्याजवळच होती! पुड्यांची अदलाबदल झाली. मी अंगारा प्रयोगाला नेला आणि आई कुंकवावर रोज माझी पावडर लावत बसली. रस्त्यात एकटीच हसत आले. आईला समजावलं, अगं, कुंकवातपण रंगच असतो, पावडर तो खाते, बाबांना काही होत न्हाय. तिनं ऐकून घेतलं आणि जेवली नाही. तुमचा शब्द ती मानते, तेव्हा तिला दोन ओळी लिहा.

तुमची हट्टी भाची,
क्रांती

ता. क. खात्री असावी म्हणून देव्हाऱ्यातली पुडी काल लाल पाण्यात टाकून उन्हात ठेवली. पाणी अजून लालच आहे. तो अंगाराच आहे, मामा. पुड्या बदलल्याच नव्हत्या, प्रयोगशाळेत माझी पावडरच फसली होती.

आणखी ता. क. आज आईनं तोंड धुतलं, अंगारा लावला नाही, आणि अंधाऱ्या माजघरात बसून कुंकू लावलं. माझ्या देखत गेलं.

आता खरं काम. बाबा तुमच्या दुकानाचा माल घेऊन निघालेत, हे पत्र त्यांच्याच खिशात घालतेय. परवाच त्यांच्यासमोर आईला शास्त्र शिकवलं, आता कुठल्या तोंडानं थांबा म्हणू? पत्र तुमच्या हाती पडलं म्हणजे ते पोचले. कायबी सांगा, भांडण काढा, पण आज त्यांना घाट उतरू देऊ नका. मला लई भ्या वाटतंय.