कुसुमची मुलाखत

कलकत्ता, मंगळवार, १७ जून १९५२

संताप आवरत नाही. मेडिकल कॉलेजच्या मुलाखतीत आज माझ्या भाचीला, कुसुमला, विचारलं, इंटरला इतके कमी गुण का? तिने खरं तेच सांगितलं, की वर्षभर आजारी आईची शुश्रूषा केली. त्यावर एक डॉक्टर म्हणाले, “घरकामाचे गुण इथे धरत नाहीत.”

शुश्रूषा म्हणजे घरकाम? आणि हे म्हणणार कोण, तर डॉक्टर!

दादा मात्र खूश. “बरं झालं. नागपूरच्या स्थळाला होकार कळवतो.” घरकाम म्हणे! बायकोसाठी नर्स ठेवायचं या गृहस्थाला कधी सुचलं नाही.

मी विचारलं, “ही सासरी गेल्यावर वहिनीचं कोण करणार?”

“अगं, तू आहेस की,” दादा म्हणाला. “आता रिटायर झालीस ना!”