आईने हौद घासला, त्याची हकीकत

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर. कंबर धरल्यापासून प्रत्यक्षात अर्ध्यावरच थांबावं लागतं.) इकडे मी आणि ही खुशाल आहोत. तुझे गुडघे काय म्हणतात? तुझ्या यजमानांचा खोकला गेला, की अजून तोच घरात सगळ्यांच्या आधी उठतो?

आई हवापालटासाठी तुझ्याकडे आली त्याला आज पंधरा दिवस झाले. वेळेवर जेवते ना? माझ्याबद्दल काही विचारते का? सहज विचारलं. शेजारीपाजारी रोज चौकशी करतात, त्यांना मी हवापालट असंच सांगतो. तुला तिने काय सांगितलंय याची मला कल्पना आहे, पण माझीही काही बाजू आहे. फोनच केला असता, पण तुमच्याकडचा फोन हल्ली आई उचलते आणि माझा आवाज ऐकला की 'राँग नंबर' म्हणून ठेवून देते. तिसऱ्या वेळी तर 'राँग नंबर आहे रे, सर्दी झालीय का तुला?' असं म्हणून ठेवला. तेव्हा पत्राला पर्याय उरला नाही.

मूळ दोष आपल्या बोअरच्या पाण्याचा. या पाण्यात साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, आणि परसातलं लिंबू मी तीनदा लावलं, तीनदा मेलं. एकतीस वर्षं विजेची मीटरं दुरुस्त करून निवृत्त झाल्यावर माणसाने काहीतरी करावं म्हणून मी खाऱ्या पाण्यातल्या शेतीच्या दोन दिवसांच्या शिबिराला गेलो. तिथे कळलं की समुद्रापासून कितीही लांब असलं तरी असल्या खाऱ्या पाण्यात समुद्री शेवाळ वाढवता येतं. ते औषधांत घालतात, टूथपेस्टमध्ये घालतात, आइस्क्रीममध्येही घालतात. घरी येऊन आईला म्हटलं, आपण शेवाळ पिकवायचं. तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. तिचं म्हणणं, जे घासून काढण्यात तिचा जन्म गेला ते मी लावायला निघालो होतो.

पुढचं तुला ठाऊक आहेच, कारण शेवाळाचे झुबके तुमच्या समुद्रावरून आणून, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून तूच बसने पाठवलेस. (शेजारच्या प्रवाशाने वासाबद्दल तक्रार केली, असं कंडक्टर म्हणाला. मी त्याला प्रवाशाचं नाव विचारलं, त्याने ते दिलं नाही.) मागचा मोठा हौद भरला, खारेपणा मोजायचं मीटर आणून बुडवलं. आकडा बरोब्बर समुद्राइतका! मीटर कधी खोटं बोलत नाही, हे मी एकतीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलोय, तेव्हा माझा विश्वास बसणं साहजिक होतं. झुबके दोरीला बांधून सोडले. आठव्या दिवशी ते पांढरे पडले, दहाव्या दिवशी विरघळले. मी प्रवासाला दोष दिला. दुसरी खेप मेली तेव्हा उन्हाला दोष दिला. तिसरी खेप पिवळी पडायला लागली तेव्हा हिला सांगितलं, की तू येताजाता हौदात डोकावतेस ते बंद कर. ती म्हणाली, मी डोकावत नाही, कपडे वाळत घालते. (हा वाद अजून मिटलेला नाही.)

अशात शिबिराच्या मॅडमचा निरोप आला, की बुधवारी पाहणीला येतो. झुबके जिवंत दिसले तर माझं नाव योजनेच्या पुढच्या टप्प्यात, नाहीतर यादीतून कमी. मी घरात जाहीर केलं, बुधवारी पाहुणे हौद बघायला येणार आहेत. एवढंच म्हणालो. ताई, तू शपथेवर सांग, यात माझं काय चुकलं?

बुधवारी मी मॅडमना आणायला स्टँडवर गेलो, ही दळण आणायला गेली. आईने विचार केला, पाहुणे हौद बघायला येणार आणि हौदात हे असलं! लोक म्हणतील, घरात बाईमाणूस नाही की काय. तिने बूच काढून पाणी सोडलं, आत उतरली, दोऱ्या तोडल्या आणि पाणी तापवायच्या चुलीची घमेलंभर राख घेऊन नारळाच्या शेंडीने हौद घासला. मी मॅडम आणि त्यांच्या मदतनिसाला घेऊन आलो तेव्हा आई हौदाच्या काठावर बसून पदराने घाम पुसत होती. मॅडमनी आत पाहिलं, मग वहीत पाहिलं आणि विचारलं, "पीक कुठाय?" आई म्हणाली, "आता बघा, कसा आरसा झालाय."

यावर मी एक वाक्य बोललो. ते इथे लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आई हवापालटासाठी निघाली.

मी हौदाकडे पाहायचं सोडून दिलं. नळाला पाणी येत नव्हतं, तेव्हा कपडे भिजवण्यापुरतं तरी असावं म्हणून हिने त्याच संध्याकाळी बोअरने तो पुन्हा भरला. तळाची राख तशीच होती, कारण वाकून शेवटची राख धुऊन काढणं आईला जमलं नव्हतं. परवा ही कपडे वाळत घालता घालता (डोकावून) म्हणाली, हे काय हो? पाइपच्या मागच्या सांदीत, जिथे आईचा हात पोहोचला नाही तिथे, एक झुबका टिकलेला. पांढरा नाही, पिवळा नाही. चांगला टवटवीत, आणि हिच्या वितीएवढा.

मॅडमना फोन केला. त्यांनी बुधवारी जाताना बाटलीत नेलेल्या बोअरच्या पाण्याच्या तपासणीचा कागद काढला आणि म्हणाल्या, मीटर पाणी किती खारं आहे ते सांगतं, त्यात काय विरघळलंय ते नाही सांगत. जमिनीतल्या खाऱ्या पाण्यात पोटॅश फार कमी असतं, त्याच्याविना शेवाळ मरतं. "तुम्ही काय घातलंत?" मी म्हटलं, मी काही घातलं नाही, आईने घासला. कशाने? राखेने. राखेत पोटॅश असतं म्हणे. त्या म्हणाल्या, "तुमच्या आईंना द्या जरा फोन." मी म्हटलं, हवापालटाला गेल्यात.

बाकी सर्व क्षेम. यजमानांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. राख नेमकी किती घातली ते आईला विचारून कळव. मॅडमना प्रमाण हवंय. 'घमेलंभर' त्यांच्या वहीत बसत नाही.

ता. क. २. ते वाक्य 'तुला कुणी सांगितलं होतं मध्ये कडमडायला' हे होतं. परक्या माणसांदेखत, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला. गाडीत चढताना तिने दांडी धरली तेव्हा बोटांची सालं निघालेली मला दिसली. मी 'सावकाश जा' एवढंच म्हणालो. मला फार लाज वाटते, ताई. घर खायला उठतं. राखेचं प्रमाण नाही कळवलंस तरी चालेल.

ता. क. ३. यातलं काही तिला वाचून दाखवू नकोस, ती मुळीच यायची नाही. तिला एवढंच सांग, की पुढच्या अंगणातल्या लहान हौदाला भयंकर शेवाळ धरलंय (खरं आहे, पंधरा दिवस मी मुद्दाम हात लावलेला नाही), सुनेच्याने ते निघत नाही, आणि रविवारी पाहुणे यायचेत. शनिवारी सकाळच्या गाडीला मी स्टँडवर उभा असतो. पाहुणे कुठून आणायचे ते माझं मी बघतो.