तळं खोदलं कोणी?

१२ मे, रविवार. जर्मनी.
अभ्यासदौऱ्याला आज सुट्टी, एकही डेअरी नाही. तळ्याकाठचा राजवाडा पाहिला, आता म्युझियम आहे. बरोक शैली म्हणे. भिंतीवर इंचभर मोकळी जागा सापडेल तर शपथ! दारात जाड लोकरीच्या सपाता ठेवलेल्या. आम्ही सगळ्यांनी बूट काढून रांगेत लावले आणि सपाता घातल्या. गाइडबाई हसून बेजार. त्या बुटांवरूनच घालायच्या असतात, फरशीला ओरखडे नकोत म्हणून. आमच्या दूध सोसायटीचे चेअरमन तरी ऐकेनात. "म्हालात बूट घालून कोण जातंय?"

तळं काठोकाठ. कुणी पीत नाही, शेताला घेत नाही. राजाला महालाचं प्रतिबिंब दिसावं म्हणून माणसं लावून खोदून घेतलेलं. मी विचारलं, खोदलं कोणी? मजुरांची नोंद नाही, गाइडबाई म्हणाली. राजाच्या कुत्र्याचं मात्र चित्र, खाली नावासकट. राग आला, खरंच.

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या गावचा तलाव खोदायला आई होती. यंदा तो कोरडा पडला तेव्हा दूध सोसायटीने गाळ काढला. आता बांधावर पाटी लागणार. नावं कुणाची? चेअरमन, संचालक, सचिव म्हणून मी. आईचं नाही.

१३ मे
आईला फोन. "जयभीम बाई, खाल्लंस का?" राजवाड्याचं, तळ्याचं सांगितलं. तिचं पहिलं, "त्या तळ्यावरच्या बायांला दुपारी खायला आमच्यावाणी सुकडी द्यायचे का गं?" माहीत नाही म्हटलं. "मंग काय पाहिलंस?"
तलाव खोदणाऱ्या तुझ्या टोळीतल्या बायांची नावं आठवून ठेव, पाटीवर घालू म्हटलं. हल्ली विसरते ती. घाई केलेली बरी.

१९ मे. घरी.
वही घेऊन आईपुढे बसले. धडाधडा सांगितलं. आष्टीवाली, केजवाली, थोरली पाटोद्याची... अकरा जणी.
"अगं, नावं सांग."
"हीच की नावं. सासरी नावानं कोण हाक मारतंय? म्हायेरच्या गावानंच."
हजेरीच्या मस्टरवर? तिथे नवऱ्याचं नाव, पुढे 'बायको'. अकरातल्या दोघीच हयात.

२१ मे
मीटिंग. चेअरमन म्हणाले, "म्याडम, पाटीवर गावं लिवली तर लोक म्हनतील यष्टीचा बोर्ड हाय." सगळे हसले. मीही हसले, मग लाज वाटली. ते म्हणाले, उद्या सकाळपर्यंत खरी नावं द्या, नाहीतर ठरलेलीच पाटी.
दिवसभर घरं पालथी घातली. केजवालीच्या सुनेला सासूचं नाव येईना. "आत्याबाईच म्हनायचो." तीन नावं मिळाली, बाकी आठ गावंच.

२२ मे
पेंटर बांधावर आलाय. आईला घेऊन आले. विचारलं, तुझं तरी पूर्ण नाव घालते?
"माझंच कावून? त्या आठ जणींत नेकनूरवाली लिव."
तीन नावं, नऊ गावं असं लिहून कागद पेंटरला दिलाय. तो म्हणतो, चेअरमनला विचारा. त्यांचाच फोन मला दोनदा येऊन गेला. मी उचलला नाही अजून.