दार उघडतं की नाही

१८ नोव्हेंबर

डोकं उठलं आज. अकरा पोरं, आणि अकराच्या अकरा वह्या उघडून बसलेली – "बाई, सांगा. उतरवून घेतो." गोष्ट वाचली का विचारलं, तर अंगद म्हणाला, गोष्ट कशाला वाचायची, परीक्षेत गोष्ट थोडीच येते, प्रश्न येतात.

यावर काय बोलणार!

मी शिक्षिका नव्हेच. ग्रंथालयात पुस्तकांवरची धूळ झटकायची, कपाटं लावायची, ही माझी नोकरी. तीही हे नोकरीत असताना गेले म्हणून अनुकंपा तत्त्वावर मिळालेली. इंग्रजीच्या मॅडम बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, दुसरं कुणी येईना, तेव्हा प्राचार्य बद्रीनाथ सरांनी बोलावून घेतलं. बारावीच्या इंग्रजी साहित्याचा तास घ्या म्हणाले, अमेरिकन कथा आणि समीक्षेचा धडा एवढंच राहिलंय. मी म्हटलं, सर, मी दहावी नापास. त्यावर म्हणाले, "त्रिंबक सरांच्या नोट्स तुमच्या घरातच आहेत. त्या सांगायच्या. बाकी काही करायचं नाही."

यांच्या नोट्स. बावीस वर्षं यांनी त्याच सांगितल्या. अभ्यासक्रम बदलला तरी ही कथा काही पुस्तकातून गेली नाही, आणि नोट्सही बदलल्या नाहीत. नेकनूरपासून आष्टीपर्यंत निम्म्या मास्तरांच्या घरात त्यांची नक्कल सापडेल.

२० नोव्हेंबर

कथा तशी साधी आहे, एका बाईनेच लिहिलेली. बर्फाचा मुलूख. एक बाई एकटीने शेत करते. नवरा नऊ वर्षांपूर्वी न सांगता निघून गेलेला. एका रात्री तो येतो, दार वाजवतो, तिच्या नावाने हाक मारतो. ती दाराशी येते, कडीवर हात ठेवते. मग दिवस उजाडतो, आणि कथा संपते. यांची नोट सांगते – शेवटी ती दार उघडते, क्षमेचा विजय होतो. सहा गुणांचा प्रश्न, हमखास येणारा.

अंगदचं म्हणणं, तो कारखान्यावर ऊस तोडायला गेला असणार. "नऊ वर्सं कुठला हंगाम चालतो बे?" मागून कुणीतरी विचारलं. झालं, तास संपेपर्यंत तेच!

हे असते तर खडू फेकून मारला असता. माझा नेम नाही.

पुढच्या खोलीत यांची शिकवणी चाले आणि मी आत भाकरी थापत ऐके. प्रत्येक वाक्यापाशी 'फुलस्टॉप' म्हणायचे. इंग्रजी मी अशी शिकले, भिंतीच्या अलीकडून. पुढे शब्दकोश घेऊन यांच्या कपाटातलं एकेक पुस्तक काढलं. अडलं की जेवताना मी यांना विचारायचे. आता अडलं की तिथंच राहतं.

२८ नोव्हेंबर

समीक्षेचा धडा – नुसता ताप! पुस्तक म्हणतं, लेखकाच्या मनात काय होतं ते बाजूला ठेवा, अर्थ वाचणाऱ्याने लावायचा. दोनदा समजावलं. पोरांनी त्यातून एवढंच घेतलं, की काहीही लिहिलं तरी चालतं.

"मंग आमचं चूक कावून येतं, बाई?" अंगदने विचारलं. "वाचणारे तर आमीच हाव की."

मी म्हटलं, तू वाचणारा नाहीस बाबा, उतरवून घेणारा आहेस. वर्ग हसला. तोही हसला. त्याला राग येत नाही, याचाच मला राग येतो.

मेहेक हसली नाही. बस स्टँडवर फळांचा गाडा लावणारे दिलावरभाई, त्यांची ही मुलगी. पहिल्या बाकावर बसते. मी सांगत असते तेव्हा लिहायचं सोडून पुस्तकात बघत असते. तेही मला आवडत नाही. सांगणाऱ्याकडे बघावं.

१२ डिसेंबर

यांना जाऊन तीन वर्षं झाली आज. वांग्याचं भरीत केलं. खाल्लं नाही. तास घेतला.

९ जानेवारी

पूर्वपरीक्षेचे पेपर घेऊन बसलेय. दहा जणांचं उत्तर शब्दाला शब्द एकच – यांचंच. स्पेलिंगच्या चुका वगळल्या तर हे बोलताहेत असं वाटतं. दहाही जणांना सहापैकी पाच दिले.

आणि मेहेकने लिहिलंय, बाई दार उघडत नाही! नवरा आल्या पावली परत जातो म्हणे. इतका संताप आला. बावीस वर्षं जे सगळ्यांनी लिहिलं ते हिला पटत नाही? सहापैकी एक दिला. तोही अक्षराचा.

११ जानेवारी

मेहेक ग्रंथालयात आली. मला वाटलं रडेल, नाहीतर भांडेल. तिने पुस्तक उघडलं आणि शेवटच्या परिच्छेदावर बोट ठेवलं. सकाळी बर्फात पावलं दिसतात, पायरीपर्यंत आलेली आणि तिथूनच वळलेली. उंबऱ्यावरच्या बर्फाला मात्र कुणाचा पाय लागलेला नाही.

"उंबऱ्यावर पाय न देता आत कसा गेला तो, बाई?"

मी म्हटलं, सर चुकीचं सांगतील का?

"सरांचं न्हाई म्हणत मी. पुस्तकात काय हाय ते म्हणते."

मग खाली बघून बाकीचं बोलली. बीडच्या मुलींच्या वसतिगृहात गुणांवर जागा मिळते. गेल्या वर्षी एक मुलगी दोन गुणांनी राहिली. जागा मिळाली तर अब्बा पुढं शिकवणार, नाहीतर घरी बसून बाहेरून परीक्षा द्यायची. एक मार्क गेलेलाही तिला परवडत नाही, आणि मी पाच कापले होते.

काम आहे म्हणून तिला घालवलं. काम काही नव्हतं.

१२ जानेवारी

यांची वही कपाटात ठेवली आणि नुसती कथा वाचली.

दार बंदच आहे.

लहान पोराला कळावं इतकं स्वच्छ लिहिलंय. पाऊस झाल्यावर काळ्या रानातून कुणी गेलं तर लपतं का? तसंच आहे ते. आणि मी ही कथा याआधी दोनदा वाचलीय! दोन्ही वेळा ते दार मला उघडलेलं दिसलं होतं. यांनी सांगितलं होतं ना.

यांच्या पुस्तकात पानापानावर पेन्सिलीच्या रेघा आहेत. शेवटची दोन पानं कोरी. म्हणजे यांनी शेवट वाचलाच नाही. कुठल्यातरी गाइडातून घेतला असेल, नाहीतर अंदाजाने. बावीस वर्षं! ज्या माणसाचं ऐकून मी अक्षर न् अक्षर शिकले –

आज यांच्या फोटोचा हार बदलायचा होता. बदलला नाही.

मेहेकच्या पेपरावर एकचे सहा केले.

१५ जानेवारी

प्रविणला फोन केला. यांचा लाडका विद्यार्थी, आता आष्टीकडे शिकवतो, बारावीचे पेपर तपासायला असतो. विचारलं, त्या कथेत दार उघडतं का?

"उघडतं की, बाई. सरांनीच तर सांगितलंय."

तू कथा वाचलीस का, असं विचारलं. मग म्हणाला, अडीचशे पेपरांचा गठ्ठा असतो, मुद्दे दिसले की गुण देत पुढं जायचं. मी सगळं समजावलं तसा ओशाळला. बंद लिहिलेलं उत्तर माझ्याकडे आलं तर पूर्ण गुण देईन म्हणाला. पण दुसऱ्या कुणाकडे गेलं तर? "बाई, आपल्या भागातले निम्मे तपासणारे सरांचेच विद्यार्थी हायेत. त्यांच्या डोक्यात ते दार उघडंच हाय."

१७ जानेवारी

बद्रीनाथ सरांच्या कानावर घातलं. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. मग वाटलं मला बरं नाही. पंखा मोठा करायला लावला, पाणी मागवलं. सरांच्या काळात या विषयाचा निकाल शंभर टक्के लागायचा, हे दोनदा सांगितलं. शेवटी समजावणीच्या सुरात म्हणाले, "दार उघडलं तर कुणाचं काय बिघडतंय, बाई? चांगलंच आहे की. आणि सरांचं नाव आहे. तुम्हीच त्याला धक्का लावणार?"

मीच! दुसऱ्या कुणाला हक्क तरी आहे का?

२० जानेवारी

वही वर्गात नेली. सगळ्यांदेखत ती ओळ खोडली. यांच्या अक्षरावर मी आजवर पाण्याचा थेंब पडू दिला नव्हता. रेघ वाकडी आली.

अंगद उभा राहिला. अर्थ वाचणाऱ्याने लावायचा असं बाईंनीच शिकवलं, मग सरांनी लावला तो अर्थ, आता खोडायचा कावून? आयुष्यात पहिल्यांदा पोरगं धडा वाचून बोललं, आणि तेही मला अडवायला!

मी म्हटलं, तिने दार का नाही उघडलं, त्याचा अर्थ तू लाव. ती बरोबर की चूक, तेही तू ठरव. पण दार लिहिणारीने बंद ठेवलंय. ते तुला उघडता येत नाही, मला येत नाही आणि सरांनाही येत नव्हतं.

मग त्याने मुद्द्याचं विचारलं – मोठ्या परीक्षेत काय लिहायचं? मार्क गेले तर?

प्रविण जे बोलला ते लपवलं नाही. गुण जाऊ शकतात असं स्पष्ट सांगितलं. तरी पुस्तकात आहे तेच लिहा म्हटलं. म्हणणं सोपं होतं, मार्क माझे नव्हते. मेहेककडे बघितलं. ती पुस्तकात बघत होती. निदान तिच्यासाठी तरी हे केलं, असं मनात आलं. घरी येताना बरं वाटलं, बऱ्याच दिवसांनी.

२५ फेब्रुवारी

पेपर झाला. प्रश्न आला! मी फाटकाशी उभी होते. दहाही जणांनी बंद लिहिलं. अंगदला विचारलं, पटलं म्हणून लिहिलंस ना? म्हणाला, "तुमी सांगितलं तसं लिव्हलं की, बाई."

कपाळ माझं.

मेहेक गर्दीत दिसली नाही.

२६ फेब्रुवारी

स्टँडवर गेले. दिलावरभाई नमाजाला गेलेले, गाड्यावर मेहेक होती. विचारायच्या आधीच तिने सांगितलं.

"उघडलं, बाई."

तिने मोसंबी पुसून नीट लावली, मग म्हणाली, "बंद हाय ते मला म्हाईत हाय. पण पेपर कुणाकडं जाईल ते म्हाईत न्हाई. मला जागा पायजे."

घरी येईपर्यंत तेच एक डोक्यात. शेवट ठाऊक असूनही तिने दार उघडलं.

मग यांनाही शेवट ठाऊक असेल.